तुम्ही विचारलंत म्हणून: शब्द मोजून वैद्यकाचा कल कसा कळतो?

‘एवढे हजारो शोधनिबंध तू वाचतोस तरी कधी, आणि वाचत नसशील तर संशोधन कुठल्या दिशेला चालले आहे हे कशाच्या बळावर सांगतोस?’ गणपतीला बेळगावला घरी गेलो की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच; गेल्या खेपेला तो खानापूरच्या आत्यांनी विचारला, आणि घाईत दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले.

मी ते निबंध वाचत नाही, संगणकाकडून त्यांतले शब्द मोजून घेतो. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या अमेरिकी सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ नोंदींबरोबर निबंधाचा सारांशही मिळतो. एखादा शब्द कोणत्या वर्षी दर दहा हजार निबंधांमागे किती निबंधांत आला, हे त्यातून काढता येते. नुसती संख्या पाहून चालत नाही, कारण एकूण निबंधच वर्षागणिक वाढत असल्याने जवळजवळ प्रत्येक विषय वाढताना दिसतो.

खरी अडचण नावांची आहे, आणि ती मला आपल्याच गावाने शिकवली. आपल्या शहरातून किती वैद्यकीय संशोधन प्रसिद्ध होते हे पाहावे म्हणून मी लेखकांच्या पत्त्यांत ‘बेलगाम’ हे इंग्रजी स्पेलिंग शोधले. आलेख काही वर्षे नीट चालला आणि मग घसरू लागला. इथे वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे, मग संशोधन आटले कसे, या विचाराने मी अस्वस्थ झालो होतो. पत्ते एकेक करून वाचायला घेतले तेव्हा उलगडा झाला: 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले होते, आणि माणसे तीच, प्रयोगशाळा त्याच असूनही माझ्या मोजणीतून त्या गळून पडल्या होत्या.

रोगांच्या बाबतीत हीच चूक फार महागात पडते. पोटातल्या अल्सरचे मूळ आम्ल आणि मानसिक ताण यांत आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यामागचा जिवाणू पुढे आणला, आणि त्यासाठी त्यांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या जिवाणूला ‘हेलिकोबॅक्टर’ हे नाव 1989 मध्ये मिळाले. त्याआधी तो ‘कॅम्पिलोबॅक्टर’ या नावाने निबंधांत वावरत होता. जो केवळ आजचे नाव शोधील, त्याच्या आलेखात ही क्रांती काही वर्षे उशिरा सुरू होईल, आणि ज्या वर्षांत डॉक्टरांचा एकमेकांशी सर्वाधिक वाद झाला तीच वर्षे कोरी राहतील. मला हे केवळ तांत्रिक वैगुण्य वाटत नाही. ज्यांनी विरोध सोसून ते काम केले, त्यांच्यावर तो अन्याय आहे.

यावर उपाय म्हणून ग्रंथपालांनी ठरवलेली विषयशीर्षके, म्हणजे लेखकाने कोणतेही नाव वापरले तरी निबंधाला जोडले जाणारे एकच ठरीव नाव, 1960 पासून आहेत. त्यांचा मोठा आधार होतो, पण नव्या रोगाला किंवा कल्पनेला शीर्षक मिळेपर्यंत वेळ जातो, आणि कल बदलतो तो नेमका त्याच काळात.

आत्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच कन्नड शेजारणीचे उदाहरण दिले. त्यांची शेजारीण गालगुंडाला ‘मंगनबावू’ म्हणते, आणि माकडतापाला ‘मंगन कायिले’. ‘मंगन’ म्हणजे माकडाचा. एवढाच शब्द मोजणारा संगणक दोन्ही रोग एकाच टोपलीत टाकील, असे मी म्हणालो, आणि या वेळी आत्यांना ते पटले.

आता कोणताही आलेख काढण्यापूर्वी मी रोगाची सगळी नावे वहीत लिहून काढतो. माकडतापाच्या पानावर ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हे 1957 मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या जंगलावरून पडलेले नाव आहे, ‘केएफडी’ हे संक्षिप्त रूप आहे, इंग्रजी स्पेलिंगच्या मला सापडलेल्या चुका आहेत, आणि खाली आत्यांच्या शेजारणीचा शब्द आहे. गालगुंडाला मी वेगळे पान दिले आहे.