हलव्याचा काटा आणि आमची सतरा वर्षं

जानेवारी २००९. नणंदेच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण आमच्याकडे, पुण्यात नारायण पेठेतल्या घरी करायचं ठरलं होतं. मी बाजारातून हलव्याचा छोटा मुकुट, बाजूबंद आणि बासरी घेऊन आले आणि कौतुकानं आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी मुकुटाचा एक दाणा नखानं उचकटला आणि जिभेवर ठेवला. मग पदरात थुंकून मला म्हणाल्या, "अगं, खाली नुसता गोंद आहे. बाळ हे तोंडात घालणारच. त्याला काय सांगणार, खाऊ नको म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून शेगडी उतरवून घेतली. पितळी परात घासली, साखर मोजली आणि बसल्या. चार दिवस त्या शेगडीपाशी होत्या. त्या चार दिवसांत मी जे पाहिलं, त्याच्यावर आज आमच्या घरासकट पाच घरं चालतात.

हलवा दिसतो साधा, पण त्याच्याइतका सावकाश होणारा पदार्थ मला दुसरा माहीत नाही. साखरेचा पाक करताना त्यात थोडं दूध घालून मळी काढायची आणि पाक पातळ फडक्यातून गाळून घ्यायचा. तो एकतारीच्या अलीकडे हवा, बोटांत धरला तर तार येते न येते इतपतच. परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा. परात हाताला सोसवेल एवढीच तापलेली असली पाहिजे. चमचाभर पाक दाण्यांवर सोडायचा आणि तो सुकून दाण्यावर बसेपर्यंत बोटांच्या पेरांनी दाणे गोल गोल फिरवत राहायचं. मग पुढचा चमचा. घाईनं दोन चमचे एकदम सोडले की दाणे एकमेकांना धरतात आणि गठ्ठे होतात. आच वाढली तर पाक परातीला चिकटतो आणि हातात साखरेचा भुगा येतो. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो, दुसऱ्या दिवशी खडबडीत लागतो. तिसऱ्या दिवशी कधीतरी, उजेडाच्या दिशेनं परात तिरकी केली की दाण्याच्या अंगावर बारीक टोकं उभी राहिलेली दिसतात. तो काटा. पहिल्यांदा माझ्या हातून काटा आला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवला होता.

आई नेहमी म्हणायच्या, थंडी पडल्याशिवाय काट्याच्या मागे लागू नये. तेव्हा मला ती जुन्या माणसांची रीत वाटायची. आता कळतं की हवा कोरडी असली तरच पाकाचं पाणी पटापट उडतं आणि साखर टोकं धरते. हवेत ओल असली की तीच टोकं विरघळून दाणा गुळगुळीत होतो.

हलवा झाला म्हणजे अर्धं काम झालं. खरा वेळ जातो दागिने गाठवण्यात. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, सुई टोचली की तो फुटतो. म्हणून दुपदरी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरायचा, गाठ आवळायची, मग पुढचा दाणा. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो आणि जास्त आवळली तर काटा मोडतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका मावशींच्या माहेरी पटवेकरी काम होतं. सोन्याचे मणी गाठवणारे हात ते. त्यांनी आम्हाला दोन दाण्यांमध्ये घ्यायची बारीक अढी शिकवली. तेव्हापासून आमचा हार अंगावर सरळ पडतो, मध्येच पिळत नाही. हे बघणाऱ्याला कळतही नाही, पण घालणारीला कळतं.

धंदा करायचा असं ठरवून काही सुरू केलं नव्हतं. त्या बोरन्हाणाला आलेल्या शेजारच्या वहिनींनी पुढच्या वर्षी नातीसाठी मागितलं, मग त्यांच्या विहीणबाईंनी नव्या सुनेसाठी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, जावयाला हार आणि हलव्यानं मढवलेला नारळ द्यायचा, ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. काळ्या साडीवर पांढरा हलवा जो उठून दिसतो, तसा दुसऱ्या कशावरच दिसत नाही. मंगळसूत्र, तन्मणी, नथ, झुबे, बांगड्या, वाक्या, कंबरपट्टा असा पूर्ण संच आम्ही पहिल्यांदा विकला २०११ मध्ये, आणि पैसे सांगताना माझा आवाज बसला होता. आपल्या माणसांसाठी केलेल्या गोष्टीचे पैसे कसे मागायचे, हा अवघडलेपणा जायला मला दोन वर्षं लागली. आईंनीच तो घालवला. म्हणाल्या, "साखर फुकट येते का? आणि तुझी बोटं?" २०१३ मध्ये मी हिशेबाची नोकरी सोडली.

त्याच वर्षी मोठा फटका बसला. एका दुकानदारांनी चाळीस संच मागितले, पैसे संक्रांत झाल्यावर देतो म्हणाले. आम्ही रात्री जागून दिले. फेब्रुवारीत त्यांतले सव्वीस संच परत आले, उघड्या पिशव्यांत, ओलसर, मुंग्या लागलेले. विकलेल्या चौदांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्यानंतर आम्ही दुकानात उधारीवर माल ठेवला नाही. ज्याला हवं त्यानं घरी यावं किंवा फोन करावा, अर्धे पैसे आधी, नाव वहीत. वाढ हळू झाली, पण त्या वहीतली बरीच नावं आजही तीच आहेत, फक्त आता त्यांच्या लेकी फोन करतात. खाण्याचा पदार्थ म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घेतली. लहान व्यवसायाला तेव्हा वर्षाला १०० रुपये पडायचे. मी घरगुती करणाऱ्या सगळ्या बायकांना सांगते, ती करून घ्या.

वर्षभर हलव्यावर भागत नाही. पावसाळ्यात रुखवताची कामं असतात, दिवाळीआधी बांबूच्या कामट्यांचे आणि पतंगी कागदाचे आकाशकंदील. गणपतीला पूर्वी मखरं करायचो. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखरं तर थांबलीच, पण माझ्या लक्षात आलं की आपल्या बाळमुकुटाचा आतला साचाही थर्माकोलचाच आहे. वर्षानुवर्षं गोंद नको म्हणणारी मी, आणि आत थर्माकोल! तो उन्हाळा पुठ्ठ्याचे साचे कापण्यात गेला. आता मुकुटाला जाड पुठ्ठा, त्याच्यावर सुती कापड आणि कापडावर दाणे टाचलेले. बाळाच्या संचात कुठेही गोंद नाही, टिकली नाही, मणी नाही. मोठ्यांच्या कंबरपट्ट्याला आम्ही मागची पट्टी गोंदानं चिकटवतो आणि तसं स्पष्ट सांगतो. बाळाच्या दागिन्यांबरोबर एक चिठ्ठीही जाते: फोटो झाले की दागिने काढून घ्या, सुटा दाणा लहान बाळाच्या हाती राहू देऊ नका. काही जणांना ती चिठ्ठी अपशकुनी वाटते. तरी मी ती घालणारच.

२०२१ च्या संक्रांतीला, करोनाच्या काळात, मला वाटलं होतं की कुणी विचारणार नाही. हळदीकुंकू नाही, जमणं नाही, मग कोण दागिने घेणार? झालं उलटं. आजी एका गावात, नातवंड दुसऱ्या गावात, भेट नाही, म्हणून आज्यांनी दागिने पाठवले. त्या हंगामात एक आजी रोज रात्री फोन करून विचारायच्या, "निघालं का माझं पार्सल?" नातीनं ते घातल्याचा फोटो त्यांनी मला पाठवला. तो आमच्या कामाच्या खोलीत लावलेला आहे.

आणि मग त्याच वर्षाचा डिसेंबर. १ आणि २ तारखेला पुण्यात अवकाळी पाऊस लागला. दोन दिवस गारठा, भिंतींना ओल आणि आमच्या पराती भरलेल्या. अकरा किलो हलवा होता. काटा डोळ्यांदेखत बसला. तिसऱ्या दिवशी दाणे हाताला चिकटायला लागले तेव्हा मी परातीपाशी बसून रडले. आईंनी तो सगळा हलवा निवडायला लावला. बिघडलेला मोलकरणींना वाटू या का, असं मी म्हटल्यावर त्या चिडल्या, "आपण खाणार नाही ते त्यांना द्यायचं?" बराचसा पाण्यात विरघळवून पुन्हा पाकाला घेतला, उरलेला टाकला. तेव्हापासून दाणा सुकला की तो थेट घट्ट झाकणाच्या डब्यात जातो आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात.

आमच्या धंद्याचं वेळापत्रक पंचांगात आहे. बोरन्हाण आणि हळदीकुंकू चालतं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. २०२३ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी २८ ला, म्हणजे अवघे चौदा दिवस. त्या वर्षी अधिक श्रावण आला, म्हणून पुढच्या वर्षी रथसप्तमी गेली १६ फेब्रुवारीला, आणि हाती आले तेहतीस दिवस. हा फरक न बघता माल केला तर एक तर ऑर्डरी परतवाव्या लागतात किंवा डबे उरतात. दोन्ही करून झालं आहे. यंदा २०२६ मध्ये पुन्हा १४ ते २५ जानेवारी, फक्त बारा दिवस होते. आम्ही दिवाळीनंतर लगेच वहीत लाल रेघ मारली आणि २० डिसेंबरनंतर नवं नाव घेतलं नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढची रथसप्तमी १३ फेब्रुवारीला आहे. खसखस, साखर, दोरा त्या हिशेबानं जास्त भरायचा आहे.

परदेशी जाणारी पार्सलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच निघतात. त्यातून एक गंमत कळली. न्यू जर्सीला पाठवलेले दागिने वर्ष वर्ष टिकतात, कारण हिवाळ्यात तिकडची घरं तापवलेली आणि कोरडी असतात. आमच्या जवळच्या दादरला मात्र समुद्राच्या हवेनं आठवड्यात दाणा ओशट होतो. मुंबईच्या ताईंना मी सांगते, डबा समारंभाच्या सकाळीच उघडा. आणि दुबईच्या पार्सलात खसखशीचा एकही दाणा चालत नाही, तिथे खसखशीला बंदी आहे. त्यांचा सगळा हलवा तिळावरचा, वेगळ्या परातीत, वेगळ्या डब्यात. तिळाचा दाणा थोडा लांबट होतो, हार जरा निराळा दिसतो. मला तो आवडतो.

आता आम्ही पाच जणी आहोत. प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचा काटा टोकदार येतो, एकीचा बुटका पण घट्ट. एका हारात दोघींचा हलवा मिसळला तर मला लांबून ओळखू येतं, म्हणून एक संच एकीच्याच हलव्याचा करतो. यंत्रातून फिरवून काढलेला हलवा स्वस्त मिळतो, लोक आणून दाखवतातही. खायला तो वाईट नाही. पण त्याचा प्रत्येक दाणा सारखा असतो आणि गाठीत धरला की निसटतो. गाठ बसायला काटाच लागतो.

आईंचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. गुडघ्यांमुळे शेगडीपाशी बसवत नाही. पण हंगामातली पहिली परात तयार झाली की मूठभर दाणे वाटीत घालून त्यांच्याकडे न्यायचे, हे ठरलेलं. त्या दाणे तळहातावर घेतात, दुसऱ्या हाताच्या बोटानं फिरवतात, डोळे मिटून. मागच्या नोव्हेंबरात मी वाटी नेली तेव्हा मला तो हलवा उत्तम वाटत होता. त्यांनी दाणे फिरवले, वाटी परत दिली आणि म्हणाल्या, "अजून एक दिवस."

आम्ही शेगडी पुन्हा पेटवली.