तुम्ही विचारलंत म्हणून: मासे गरवायच्या रॉडचे जुने गाईड (लाइन ज्यांतून जाते त्या रिंगा) काढताना ब्लँक (रॉडची मूळ काठी) कसा वाचवायचा?

खडकावरून गरवणाऱ्यांचा हा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो. समुद्र खवळलेला, रॉड घरात कोपऱ्यात उभे. गाईडच्या पायाशी गंजाचा तपकिरी डाग, तो पाय ब्लँकला बांधणाऱ्या दोऱ्यावरचं इपॉक्सी (कडक पारदर्शक लेप) पिवळं पडून तडकलेलं. ते खरवडायचं, पण ब्लँकला ओरखडा न जाता, हे कसं जमवायचं?

आधी सगळेच गाईड काढायची गरज आहे का, ते बघा. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगमधून फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे रिंगला चीर आहे आणि ती तुमची ब्रेड (विणलेली) लाइन कापणार. एकच गाईड गेला असेल तर एकच बदला, उगाच बाकीच्यांना हात लावू नका.

सगळे काढायचे ठरले तर टोकापासून प्रत्येक रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. निघालेले गाईड त्याच क्रमाने चिकटपट्टीवर लावत जा. ही दहा मिनिटं वाचवली की नंतर दोन संध्याकाळी जातात.

आता पातं. बहुतेक ब्लँक इथेच मरतात. कार्बनचा ब्लँक म्हणजे पोकळ नळी, आणि टोकाकडे तिची भिंत फारच पातळ. रॉड वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरातल्या तंतूंवर येतो. तिथे केसाएवढा आडवा काप गेला तरी पुढे कधीतरी मासा ओढताना रॉड नेमका तिथेच मोडतो. म्हणून पातं चालवायचं ते फक्त जिथे खाली गाईडचा धातूचा पाय आहे तिथे.

कटरमध्ये नवं पातं घाला. बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावला की हात घसरतो. पातं ब्लँकला जवळजवळ समांतर, आडवं धरा. पायाच्या टोकापासून 3-4 मिलिमीटर आत सुरुवात करा आणि गाईडच्या फ्रेमच्या (रिंग धरणाऱ्या चौकटीच्या) दिशेने इपॉक्सीची सालं काढत जा, काकडी सोलतो तशी. दिशा महत्त्वाची. फ्रेमकडे जाताना पातं पायाच्या चढावर चढतं आणि शेवटी फ्रेमलाच अडतं. उलट दिशेने गेलात तर उतारावरून थेट ब्लँकवर घसरतं. सालीबरोबर आधी दोऱ्याचे तुकडे येतील, मग पायाची चकाकी दिसेल. ती पायभर दिसली की थांबा. दोन पायांचा गाईड असेल तर दुसऱ्या पायालाही हेच. मग गाईड हलवून उचलला की सुटतो.

राहिलेल्या दोऱ्याला पातं नको, ऊब द्या. हेअर ड्रायर किंवा सगळ्यात कमी आचेवरची हीट गन वीतभर लांब धरा आणि रॉड सतत फिरवत ठेवा. इपॉक्सीत नख रुतायला लागलं की पुरे. दोऱ्याचं टोक नखाने उचला आणि उलटं उलगडत जा; इपॉक्सी कडकड करत त्याच्याबरोबरच सुटतं. उरलेलं बाद झालेल्या एटीएम कार्डाने किंवा आईस्क्रीमच्या काडीने खरवडा, थंड झालं की पुन्हा ऊब द्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा.

पेंट रिमूव्हरचं नावही काढू नका. कार्बनचे तंतू बांधून ठेवणारं राळही बहुधा इपॉक्सीच असतं, आणि वरचं कुठलं, आतलं कुठलं हे त्या रसायनाला कळत नाही. थिनर रंग आणि अक्षरं घेऊन जातो.

सर्फ रॉडवर (किनाऱ्यावरून लांब फेकायच्या) आणि होडीवरच्या जाड रॉडवर कधीकधी गाईडच्या खालीही दोऱ्याचा एक थर असतो. त्याच्याखाली धातू नाही, सरळ ब्लँक आहे. तिथे फक्त ऊब आणि नख. वेळ लागतो, लागू द्या.

टोकाची रिंग वेगळी. ती बहुधा उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. एवढ्या एका ठिकाणी लायटर चालतो, तोही फक्त धातूच्या नळीवर, तीन-चार सेकंद. मग पकडीने सरळ ओढा, पिळू नका. पिळलं की बारीक टोक चिरतं. निघाली नाही तर पुन्हा थोडी ऊब द्या, जोर वाढवू नका. टोक कुणाच्या तोंडाकडे नको. पोकळ ब्लँकमधली हवा तापून फुगते आणि गरम रिंग उडवू शकते.

सगळं निघालं की ब्लँकवर गडद पट्टे दिसतील. उरलेला रॉड उन्हाने विटलाय आणि दोऱ्याखालचा भाग मूळ रंगाचा राहिलाय, एवढंच. नवी गुंडाळी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर जास्त घेतली की ते झाकले जातात. काही ब्लँकवर बोटाला बारीक तिरके कंगोरे लागतात. ते जुनं इपॉक्सी समजून लोक पॉलिश पेपर घेऊन बसतात. ते कंगोरे भट्टीत घालण्याआधी ब्लँकवर घट्ट गुंडाळलेल्या टेपचे असतात. त्यांना हात लावू नका.