एमसीव्ही ८८

गोव्यात, डिचोलीतल्या माझ्या लॅबमध्ये सकाळी साठेक नमुने येतात. हिमोग्राम, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मशीन काढतं, सह्या मी करते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची स्लाईड प्रत्येकाची बघायची असते. बघितली जात नाही.

त्या दिवशी एकीवर सहज नजर टाकली आणि अडकले. एका न्यूट्रोफिलच्या, म्हणजे पांढऱ्या पेशीच्या, केंद्रकाला सहा पाकळ्या, दुसऱ्याला सात. एरवी तीन-चार असतात. म्हणजे बी-१२ कमी. पण मग तांबड्या पेशी मोठ्या हव्यात, आणि मशीन म्हणतंय एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ८८, अगदी नॉर्मल. पुन्हा बघितलं: काही पेशी फुगून अंडाकृती, शेजारी लोहाअभावी बारक्या, फिकट. मशीन दोघींची सरासरी काढून मोकळं! पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू मात्र २३, जास्त म्हणून ठळक छापलेला. पण आमच्याकडचे डॉक्टर तो वाचतच नाहीत. हिमोग्लोबिन बघायचं, लोहाच्या गोळ्या लिहायच्या.

दोन्ही एकदम कमी कसं? पेशंटला बोलावून घेतलं. खाणीवर ट्रक चालवलेले, ७२ वर्षांचे. पोटाचं काही ऑपरेशन? त्यांनी शर्ट वर केला. बेंबीच्या वर उभा व्रण.

"अल्सर आशिल्लो, बाय. अर्दें पोट काडलां."

१९८३ सालची गोष्ट. अल्सरच्या मुळाशी जंतू आहे हे वॉरन आणि मार्शल पर्थमध्ये तेव्हा कुठे मांडत होते. आज बहुतेकांचं दोन आठवड्यांच्या गोळ्यांवर भागतं. ऑपरेशनला नावं ठेवत नाही, रक्ताच्या उलट्या थांबल्या, माणूस जगला. पण उरलेलं पोट पुढच्या आतड्याला जोडलं की अन्न ड्युओडेनमला, लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, वळसा घालतं, आणि लोह शोषलं जातं ते मुख्यतः तिथंच. बी-१२ शोषायला लागणारा इंट्रिन्सिक फॅक्टर तर पोटच बनवतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, तोवर सर्जनकडच्या फेऱ्या संपलेल्या असतात.

आरतीला डोळे मिटले की तोल जातो, असंही ते म्हणाले. डॉक्टरांनी वयावर ढकललं होतं. बी-१२ अभावी नसा बिघडून पायांना जमीन कळेनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा असतो, हे त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी जुने रिपोर्ट उघडले. दोन वर्षांपूर्वी: हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही ८९, आरडीडब्ल्यू २१. स्लाईडबद्दल एक ओळ नाही. खाली सही माझी.

बी-१२ च्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन चढलं, जिभेची आग गेली. पाय अजून बधिरच आहेत.

मे महिन्यात ते मानकुराद घेऊन आले. "तुमींच सोदून काडलें," म्हणाले. मी आंबे ठेवून घेतले.