मॉलचा शेअर आणि बर्डीचा गाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात येणाऱ्या बहुतेकांना एकच उत्तर हवं असतं, घ्यायचा का नाही घ्यायचा. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, रजिस्टर्ड सल्लागार म्हटल्यावर त्याआधी केवायसी, रिस्क प्रोफाइलचा फॉर्म, करार, फी हे सगळं आलंच, आणि ते भरताना लोक असे वैतागतात की बस. चार्ट काढायचं काम माझं, क्लायंटशी बोलायचं सरांचं. त्या दिवशी सर मुंबईला होते म्हणून काका माझ्यासमोर बसले.

काका म्हणजे गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी. बर्डीवर वडिलांच्या वेळचा एक गाळा आहे, भाड्यानं दिलेला. मुलाचं म्हणणं, गाळा विकून टाका आणि त्या पैशात मॉलचा शेअर घ्या, भाडेकरूची कटकट नको. काकांनी फोन पुढे केला, कुठल्या तरी फुकट अ‍ॅपवर फिनिक्स मिल्सचा, म्हणजे मॉल बांधून चालवणाऱ्या कंपनीचा, चार्ट होता. "मॅडम, हा सप्टेंबर २०२४ मध्ये एका दिवसात अर्ध्यावर काहून आला? आग-बिग लागली का मॉलला?"

आग नाही, एकास एक बोनस. हातातले शेअर दुप्पट झाले, भाव अर्धा झाला, एवढंच. अ‍ॅपनं मागचे भाव त्या हिशोबानं अ‍ॅडजस्ट केलेच नव्हते. लाँग टर्म ट्रेंड बघायचा तर पहिलं काम हेच असतं, बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे करून जास्त शेअर) साफ करून घ्यायचे. दुसरं काम म्हणजे लॉग स्केल लावायचं, त्यात सारख्या टक्क्याच्या वाढीला सारखी उंची मिळते, नाहीतर शंभराचे दोनशे झाले ती दुपटीची उडी आणि हजाराचे अकराशे झाले ती दहा टक्क्यांची, दोन्ही सारख्याच उंचीच्या दिसतात. टीव्हीवरचे एक्स्पर्ट वीस वर्षांचा चार्ट साध्या स्केलवर दाखवून "बघा कसा सुटलाय" म्हणतात तेव्हा मी सरळ म्यूट करते.

आमच्या शेजारच्या टेबलावरच्या पोरानं तोपर्यंत आपणहून एक प्रिंट काढून आणली होती. फिनिक्स आणि नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट, दोन्ही एकाच चार्टवर, फिनिक्सची रेघ वर. "काका, हे बघा, क्लिअर आहे." अजिबात क्लिअर नाही. नेक्सस हा रीट आहे, म्हणजे भाड्यानं दिलेल्या इमारतींचा ट्रस्ट, त्याची युनिटं शेअरसारखी बाजारात मिळतात; मे २०२३ मध्ये १०० रुपयांना आलेला, भारतातला पहिला मॉलवाला रीट. रीटला वाटण्याजोग्या रोकडीतला किमान ९० टक्के भाग युनिटवाल्यांना वाटावाच लागतो. म्हणजे आलेलं भाडं किमतीच्या रेघेत साठत नाही, तुमच्या बँकेत जातं. फिनिक्स ही साधी कंपनी, ती डिव्हिडंड अगदी थोडा देते आणि पैसा नव्या मॉलमध्ये घालते. इंदूर, अहमदाबाद, पुण्यात वाकड, बंगळुरू, हे सगळे २०२२ आणि २०२३ मधलेच. एक रेघ दर वेळी रिकामी होते आणि दुसरी भरत जाते, मग दोन्ही एकावर एक ठेवून कोण जिंकलं हे ठरवायचं कसं? पोरगा हुशार आहे, पण सॉफ्टवेअर जे काढून देतं तेच त्याला अ‍ॅनालिसिस वाटतं.

बरं, नेक्ससचा चार्टच मुळी २०२३ पासूनचा, त्यात लाँग टर्म कुठून आणणार? म्हणून मी अमेरिकेतल्या सायमन प्रॉपर्टीचा चार्ट उघडला, मॉलवाला मोठा रीट, १९९३ पासून बाजारात आहे. २०१६ मध्ये सव्वादोनशे डॉलरच्या आसपास गेलेला, मार्च २०२० मध्ये पन्नासच्या खाली, आणि त्याच वर्षी तिमाही डिव्हिडंडही २.१० वरून १.३० वर आणला. काका बराच वेळ बघत बसले. "म्हणजे गडी दोन्हीकडून मेला." मी म्हटलं, २०१६ ला घेतला असेल तर. २०२० च्या तळाला घेतला असेल तर हाच चार्ट लॉटरी आहे.

आणि मी अजून घोळवत बसलेय ते इथंच. चार्ट कुठून सुरू करायचा? फिनिक्स २००९ च्या तळापासून मोजला तर वार्षिक परतावा डोळे दिपवतो, २००८ च्या पडझडीआधीच्या माथ्यापासून मोजला तर तोच माथा परत गाठायला कित्येक वर्षं गेलेली दिसतात. २०२० पासून मोजला तर पुन्हा तिसरंच उत्तर. शेअर तोच, अ‍ॅडजस्ट केलेले भाव तेच, आणि शेवटी "लाँग टर्म ट्रेंड" म्हणून जो आकडा खाली छापायचा तो मी माऊस कुठे ठेवला त्यावर. म्हणून मी एकच आकडा दिला नाही, माथ्यापासूनचा आणि तळापासूनचा असे दोन्ही एका पानावर दिले.

काका पान बघून म्हणाले, "ही फिनिक्स पण मिलच होती ना?" हो, लोअर परळची, १९०५ ची कापड गिरणी, तिच्याच जागेवर मॉल झाला. "मग आपली एम्प्रेस मिल? जमशेटजी टाटांची, १८७७ ची. तिच्या जागेवर पण मॉलच झाला. तिचा चार्ट कुठाय?" मी गप्पच झाले, कारण तिचा चार्ट माझ्याकडे नव्हता. शेअर बाजारात जे आलेच नाहीत, जे मॉल ओस पडले, ज्यांतले गाळे बिल्डरनं सुटे सुटे विकले आणि मग कुणी शटर उघडलं कुणी नाही, त्यांची रेघ कुठल्याच टर्मिनलवर नसते. काकांच्या ओळखीत असे गाळे घेतलेले लोक आहेत. चांगला मॉल चालतो तो मुळात सगळा मॉल एकाच मालकाकडे असतो म्हणून, कोणतं दुकान कुठे बसवायचं ते तो ठरवतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, काकांना गाळेवाल्यांच्या तोंडून.

मग त्यांनी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मॉलवाला भाडं कसं घेतो? मी सांगितलं, ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीचा ठराविक टक्का, यातलं जे जास्त असेल ते, वर मेंटेनन्स वेगळा. मोठ्या अँकर दुकानाला फुटामागे भाडं कमी, कारण त्याच्यामुळे गिऱ्हाईक येतं. आणि जागा भाड्यानं गेली म्हणजे दुकान सुरू झालं असं नसतं, म्हणून फिनिक्स किती जागा दिली आणि किती जागेत धंदा चालू आहे हे दोन आकडे वेगळे देते, दुकानांची एकूण विक्रीही दर तिमाहीला जाहीर करते. काका पुढे सरकून बसले. "म्हणजे भाडेकरूचा गल्ला मालकाला दिसून राहिला? अन् मी वर्षाला पाच टक्के वाढवून गप बसून राहिलो!"

दुपारनंतर ते जुन्या भाडेकरारांची फाइल घेऊन परत आले. ऑफिसचं काम बाजूला ठेवून मी त्यांच्या गाळ्याच्या भाड्याचा चार्ट काढला, लॉग स्केलवरच. दर वर्षी सारखाच टक्का वाढत गेल्यानं सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या, जवळजवळ सरळ चढण, फक्त २०२० मध्ये एक खड्डा. तेव्हा काकांनी भाडं सोडून दिलं होतं. मॉलवाल्यांच्या भाड्यातही खड्डा तिथेच, कारण मॉल बंद होते आणि बऱ्याच मॉलमालकांना भाड्यात सूट द्यावी लागली. फरक इतकाच की काकांच्या रेघेला २००८ आठवतही नाही, कारण गाळ्याचा भाव रोज कुणी ओरडून सांगत नाही. गाळा त्या वर्षी पडला नव्हता का? पडला असेलही, कुणी विकायला काढला नाही म्हणून कळलं नाही.

सर मुंबईहून आल्यावर म्हणाले, क्लायंटला एक आकडा लागतो, तू दोन दिलेस, आणि हे गाळ्याचं कशाला, त्याची फी घेतली का आपण? फी घेतली नाही. पण शेअर घ्यायचा तो गाळा विकून, मग गाळ्याशी तुलना न करता रिपोर्ट द्यायचा कसा, हे मला अजूनही कळलेलं नाही. सरांनी रिपोर्टातून ते पान काढायला लावलं. काकांनी त्याची प्रिंट आधीच नेली होती.

काकांनी शेअर घेतलेला नाही आणि गाळाही विकलेला नाही. परवा फोन आला होता, भाडेकरूला महिन्याची विक्री विचारली म्हणे, नवा करार टक्क्यावर करायचा विचार आहे. भाडेकरू म्हणाला, "काका, तुम्ही मॉल कधीपासून झाले?" मुलगा बापावर चिडलाय, सर माझ्यावर, आणि काकांना आता मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानाला किती टक्का लावतात ते माझ्याकडून हवंय.