बावीचं पाणी, चार बाटल्या आणि एक कळशी

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आमची बाव घराच्या मागीलदारी आहे, जांभ्यात म्हणजे कोकणातल्या लाल दगडात खणलेली, आणि तिचं पाणी इतकं नितळ की मे महिन्यात वाकून बघितलं तर तळाचा दगड दिसतो. देवगड तालुक्यात आमच्या वाडीत ही बाव गोड पाण्यासाठी नावाजलेली, पूर्वी लग्नकार्याला लोक इथून हंडे भरून न्यायचे असं सासूबाई सांगतात. त्यामुळे ह्या पाण्याची तपासणी करायची असं जेव्हा मी घरात पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांना ते लागलं, आणि मला ते कळत होतं, पण तरी करायची होतीच.

कारण जुलैत लेकीला तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा जुलाब झाले. सहा वर्षांची आहे. पहिल्या वेळी वाटलं बाहेरचं काही खाल्लं असेल, दुसऱ्या वेळी मात्र ती दोन दिवसांत इतकी गळून गेली की डोळे खोल गेले, ओआरएस चमच्या चमच्याने पाजत रात्र काढली. डॉक्टरांनी विचारलं पाणी कुठलं पिता, म्हटलं बावीचं. उकळता का, म्हटलं नाही, गाळतो. तपासलंय कधी? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणजे उत्तर होतं असं आम्हाला वाटत होतं. नवऱ्याने मागच्या वर्षी टीडीएस मीटर मागवला होता, पेनासारखा असतो तो, पाण्यात बुडवला की आकडा येतो. आमच्या बावीचा आकडा ५८. पाचशेपर्यंत चालतं असं सगळीकडे लिहिलेलं, मग ५८ म्हणजे अमृतच की! तर हे नीट सांगते कारण माझ्या ओळखीतली निम्मी घरं ह्याच आकड्यावर निर्धास्त आहेत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो, बस. जंतू त्याला दिसत नाहीत. जांभ्यातल्या पाण्याचा टीडीएस मुळातच कमी असतो, तो पावसाळ्यातही कमीच राहणार, आणि त्याच पाण्यात शौचखड्ड्याचं पाणी थोडं मिसळलं तरी आकडा जेमतेम हलेल. आणि ते फिल्टर विकायला येतात ना, दोन ग्लासांत सळया बुडवून वीज सोडतात आणि तुमचं पाणी तपकिरी होतं नि त्यांचं स्वच्छ राहतं, तेही जंतू नव्हेत, तो सळईच्या लोखंडाचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते म्हणून लोखंड सुटतं, त्यांच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून काही होत नाही. ह्या खेळाला भिऊन लोक वीस वीस हजार घालतात ह्याचा मला खरंच राग येतो.

मग जंतू कळायचे कसे? त्यासाठी एच२एस (हायड्रोजन सल्फाइड) ची बाटली मिळते, छोटी काचेची किंवा प्लास्टिकची, आत वाळवलेलं औषध, वर खूण. खुणेपर्यंत पाणी भरायचं, साधारण २० मिली, झाकण लावायचं आणि उबेत ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर पाणी दूषित धरायचं. ही आपल्याच देशातली पद्धत आहे, ग्वाल्हेरच्या डीआरडीई ह्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली, १९८२ साली प्रसिद्ध केलेली, आणि पुढे बाहेरच्या कितीतरी देशांत वापरली गेली. आता जल जीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना पाणी तपासायचं शिकवतात त्यात ह्या बाटल्या असतात, मला आमच्या गावातल्या एका ताईंकडूनच चार मिळाल्या.

काळं का होतं तर माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे काही जंतू गंधकाचा वायू, तोच एच२एस, सोडतात, तो औषधातल्या लोखंडाशी मिळाला की काळा रंग तयार होतो. एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती महत्त्वाची वाटते, ज्या ई. कोलाय ह्या आतड्यातल्या जंतूचं नाव आपण सारखं ऐकतो तो स्वतः हा वायू सहसा सोडत नाही. बाटली काळी होते ती त्याच्या सोबत्यांमुळे. म्हणजे काळी झाली तर सावध व्हायचंच, पण नाही झाली म्हणून शंभर टक्के बिनघोर असंही नाही. जुन्या साचलेल्या पाण्यात कधीकधी दुसऱ्या कारणाने पण काळी होऊ शकते. म्हणून पुढे लॅब लागतेच.

चार बाटल्या चार ठिकाणच्या भरल्या. एक थेट बावीतून, एक गच्चीवरच्या टाकीतून, एक स्वयंपाकघरातल्या कळशीतून ज्यातलं आम्ही पितो, आणि चौथी त्याच पाण्याला खळखळून उकळी आणून, गार करून. हात साबणाने धुतले, बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू दिलं नाही, कारण आपल्याच हाताचे जंतू आत गेले तर त्या तपासणीला काय अर्थ. पावसात घरात गारवा असतो आणि जंतू वाढायला तिशीच्या पुढचं तापमान बरं, म्हणून थर्माकोलच्या खोक्यात कोमट पाण्याच्या बाटलीबरोबर चारही ठेवल्या नि दर पाच-सहा तासांनी कोमट पाणी बदललं. संध्याकाळी ठेवल्या होत्या. सकाळी उघडलं तर कळशीची काळी. दुपारपर्यंत बावीची आणि टाकीची पण काळी. उकळलेल्या पाण्याची दोन दिवस झाले तरी तशीच्या तशी.

सासूबाई बराच वेळ त्या बाटल्यांकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "लगीन होऊन ह्या घरात इलंय तेव्हापासून ह्याच पाणी पितंय, माका कधी काय झाला?" ह्यावर मी त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न केला नाही कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. पण मी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे पावसाळ्यात दोन दिवस पोट बिघडलं की आलं घालून ताक प्यायचं नि विसरून जायचं हे ह्या घरात दरवर्षी होतंच, त्याला आपण आजार म्हणत नाही इतकंच. मोठ्या माणसाचं ते निभावतं, लहान मुलाच्या अंगातलं पाणी एका रात्रीत कमी होतं. आणि दुसरं, बाव तीच आहे पण आजूबाजू ती राहिली नाही. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा वाडीत संडास किती होते? दोन. आता प्रत्येक घराला आहे, असायलाच हवा, पण प्रत्येक घराला शोषखड्डा पण आहे, आणि तो जांभ्यात खणलेला. माती पाणी सावकाश मुरवते आणि गाळते, जांभा तसा नाही, त्याला भोकं असतात, भेगा असतात, जुलैत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कोसळलेला पाऊस त्यातून सरसर खाली येतो, आपल्या बावीची पातळी एका रात्रीत हातभर चढते ती काय उगीच? जे पाणी इतक्या वेगाने येतं ते वाटेतलं सगळं घेऊन येतं.

नवऱ्याने काथ्याच्या दोराने मोजलं. बाव ते शेजारच्या काकांचा शोषखड्डा, साधारण नऊ मीटर, आणि तो चढाच्या बाजूला. निदान पंधरा मीटर तरी हवं असं सांगतात, आणि आमच्यासारख्या जांभ्यात ते पंधराही पुरतील असं मला वाटत नाही.

आता इथे भांडण होऊ शकलं असतं. वाडीत पाण्यावरून आणि बांधावरून काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आमचा गोठा पण बावीपासून लांब नाही, शेणाचा उकिरडा आमचाच, आणि साध्या तपासणीत जंतू माणसाचे की गुरांचे हे कळत नाही. म्हणून मी काकांकडे बाटली घेऊन गेले ती आमचीच काळी बाटली म्हणून दाखवली, तुमच्या खड्ड्याचं नाव काढलं नाही. त्यांनी बघितली, जरा गप्प बसले, आणि म्हणाले, "माझ्या बावीचा पण बघ गो एकदा." ताईंकडून अजून एक बाटली आणली. त्यांची पण काळी झाली.

मग लॅब. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात नि तालुक्याच्या पातळीवर उपविभागात असतात, ग्रामपंचायतीत विचारलंत तर तुमच्यासाठी जवळची कुठली ते सांगतात. पाणी न्यायच्या आधी रिकामी बाटली तिथूनच आणा, मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून नेऊ नका. लॅबची बाटली निर्जंतुक केलेली असते आणि क्लोरीनच्या पाण्यासाठी असेल तर तिच्यात जरासं सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीनला वाटेतच थांबवतं, नाहीतर क्लोरीन प्रवासात जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खरा येत नाही. त्यामुळे बाटली विसळायची नाही. नळाचं पाणी असेल तर दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं, काठोकाठ भरायचं नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. आम्ही सकाळी सहाला भरलं, माशांसाठी नेतात तसा बर्फ नवीन डब्यात घेतला आणि नवरा बाईकने पोचवून आला. रिपोर्टला काही दिवस लागतात कारण जंतू वाढवून बघावे लागतात, घाई करून चालत नाही. रिपोर्टमध्ये ई. कोलाय होते. आपल्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या १०० मिली पाण्यात ते एकही सापडता कामा नये असं आहे.

त्यानंतर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. बावीचा व्यास तीन मीटर, पाणी तेव्हा चार मीटर, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. चांगल्या पावडरीची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅमपासून सुरू करतात, म्हणजे ७० ग्रॅम. चांगली म्हणजे ताजी, बंद पिशवीतली. ताज्या पावडरीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो पण आमच्या दमट हवेत उघडी राहिलेली पोती दोन महिन्यांत नुसता चुना होऊन बसतात, आणि तीच नंतर बावीत टाकतात आणि वाटतं काम झालं. पावडर थेट ओतायची नाही, आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून दहा मिनिटं निवू द्यायची, चुना खाली बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने बावीत सोडून वरखाली हलवायची. आम्ही रात्री केलं, सकाळपर्यंत पाणी काढलं नाही. सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी, औषधाचे दोन थेंब पाण्यात टाकले की पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन अजून शिल्लक आहे. नळाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक हवा. टाकीही रिकामी करून घासली, तळाला बोटभर लाल गाळ होता.

आता जे झालं त्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. पाच दिवसांनी परत बाटल्या ठेवल्या. बावीची स्वच्छ. टाकीची स्वच्छ. कळशीची काळी.

मी दुसरी बाटली आणून परत भरली, परत काळी. मग एक पूर्ण दिवस मी स्वयंपाकघरात बसून फक्त कळशी बघितली. सकाळी सात ते रात्री दहा, तांब्या आत गेला एकवीस वेळा. त्यातल्या बहुतेक वेळा बोटं पाण्यात बुडाली. लेक खेळून आली तशीच तांब्या घालून प्याली, गड्याने गोठ्यातून येऊन घेतलं, मी स्वतः मासे साफ करता करता हात नुसता पाण्याखाली धरून घेतलं. कळशीच्या आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत, कारण रोज बाहेरून चिंचेने लख्ख घासतो आणि आतून फक्त विसळतो. तांब्याच्या भांड्यात जंतू मरतात हे खरं असलं तरी त्याला बरेच तास पाणी तसंच राहावं लागतं, आमची कळशी दिवसातून तीनदा भरते.

आता तोटीचं स्टीलचं पिंप आणलंय, आतून रोज घासतो. सासूबाईंना कळशी सोडवत नव्हती म्हणून तीही आहे, पण तिच्यात आता लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते खुंटीला टांगलेलं. पाणी उकळूनच, खळखळ बुडबुडे यायला लागल्यावर निदान एक मिनिट. न्हाणीघरातल्या चुलीवर अंघोळीच्या हंड्याशेजारीच दुसरं पातेलं चढतं, त्यामुळे गॅस जात नाही. तुरटी फिरवणं बंद केलेलं नाही, गढूळ पाणी निवळायला ती चांगलीच आहे, पण तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही हे घरात सगळ्यांना पाठ आहे. काळ्या झालेल्या बाटल्यांचं विचाराल तर त्या मुलांच्या हाती देऊ नका, आत जंतू वाढवलेले असतात. टीसीएलचं पाणी ओतून काही तास ठेवा, मग संडासात ओता, हात धुवा.

गणपतीत आमच्याकडे मुंबईहून अठरा माणसं आली, त्यात एक दहा महिन्यांचं बाळ. चतुर्थीच्या चार दिवस आधी बाव, टाकी, पिंप, कळशी, चारही बाटल्या ठेवल्या होत्या, काकांच्या बावीची पाचवी. घरच्या चारही स्वच्छ निघाल्या. काकांची काळी, त्यामुळे त्यांच्या घरचं पिण्याचं पाणी गणपतीचे सगळे दिवस आमच्या चुलीवर उकळून गेलं. त्यांचा खड्डा आता उताराच्या बाजूला हलवायचं ठरलंय, दिवाळीनंतर जमीन वाळली की गवंडी येईल, आणि आमचा उकिरडा त्याच वेळी सड्याकडून खाली, आगराच्या म्हणजे बागेच्या टोकाला जाईल. तोवर दोन्ही बावींचं पाणी न उकळता कोणीही पीत नाही.