एकशे ब्याण्णव मतं

आमच्या घरी १९९५ची निवडणूक अजून संपलेली नाही. गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आमदार आबासाहेब, त्या वर्षी सांगोल्यातून १९२ मतांनी पडले. मतदान होतं तेव्हा माझे दोन्ही चुलते, चुलत्या ऊसतोडीला गेले होते. चार मतं. निकाल ऐकल्यावर वडील रात्री जेवले नाहीत. "आपली चार जरी असती तरी काय फरक पडला असता?" असं आई म्हणाली, तर वडील म्हणाले, "असं प्रत्येक वस्तीवर म्हणाले असतील."

आबासाहेबांचा जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिली शिकले, सांगोल्यात आले आणि १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा आमदार झाले. १९७२ला पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत निवडून आले. पुढे ९५चा तो पराभव. बाकी सगळ्या लढती जिंकल्या. एकाच मतदारसंघातून ११ वेळा, आणि पक्ष तोच, लाल बावट्याचा. १९७८ला आणि १९९९ला मंत्रीही झाले, पण आमच्याकडे त्यांना मंत्री म्हणून कुणी आठवत नाही.

आठवण निघते ती एसटीची. गाडीत आमदारांसाठी राखीव सीट असते. लहानपणी मी खिडकीसाठी त्या सीटवर जाऊन बसलो, तर कंडक्टरनं उठवलं. गाडी स्टँडमधून हलेपर्यंत त्यानं ती सीट कुणाला दिली नाही. मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं. पुण्याला शिकायला गेल्यावर मित्रांना सांगितलं की आमचे आमदार एसटीनं फिरतात, तर कुणाला पटेना. ती सीट खरोखर आमदारासाठी असते, हेच त्यांना नवीन होतं.

पण एसटीपुरतं त्यांचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं. साधेपणाचे फोटो सगळ्यांनी फिरवले, पाण्याबद्दल फार थोडे बोलले. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळच्या टेंभूला उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत दुष्काळी तालुक्यांत आणायचं, ही मागणी धरून आटपाडीला पाणी परिषदा भरायच्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब त्यात पुढे. वडील दरवर्षी भाकरी बांधून जायचे. संध्याकाळी परत आले की आजी एकच विचारायची, "आलं का पाणी?" ती गेली तेव्हाही आलं नव्हतं. विधानसभेत एकच विषय वर्षानुवर्षं लावून धरणं म्हणजे काय, ते मला आजीच्या त्या प्रश्नावरून कळतं.

पाण्याआधी डाळिंब आलं. १९९०ला रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली, आणि आमच्या मुरमाड रानात दीड एकर गणेश जातीचं डाळिंब लागलं. सुरुवातीला घागरीनं पाणी घातलं, प्रत्येक रोपाला एक तांब्या. बाग धरली तशी चुलत्यांची ऊसतोड सुटली. पुढे तेल्या रोगानं सगळी बाग गेली, उपटून बांधावर टाकावी लागली, पण कोयता पुन्हा कुणी हातात घेतला नाही. आधी शेळ्या, मग पुन्हा बाग, असं रेटलं.

२०१९ला आबासाहेब उभे राहिले नाहीत. नातू उभे होते, ते ७६८ मतांनी पडले. वडिलांनी तो आकडाही पाठ केलाय. ३० जुलै २०२१ला सोलापुरात आबासाहेब गेले. कोरोनाचे दिवस, मला गावी पोचता आलं नाही. फोन केला तर वडील बराच वेळ बोललेच नाहीत, मागे फक्त पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

२०२४ला दुसरे नातू निवडून आले. सकाळी सात वाजता चुलते, चुलत्या, आई, वडील असे सगळे रांगेत होते. धाकट्या चुलत्यांना आता धड चालवत नाही, त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. परत आल्यावर त्यांनी वडिलांना शाई लावलेलं बोट दाखवलं आणि म्हणाले, "दादा, चारही झाली."