तेरा मिनिटं

'इनग्लोरियस बास्टर्ड्स' हा क्वेंटिन टॅरंटिनोचा २००९चा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो औरंगाबादला, हॉस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर. शेवटी पॅरिसच्या थिएटरात हिटलर आणि गोबेल्ससकट सगळे नाझी मरतात तेव्हा खोलीत नुसत्या शिट्ट्या. हिटलरने प्रत्यक्षात ३० एप्रिल १९४५ला बर्लिनच्या बंकरमध्ये आत्महत्या केली, हे शाळेत शिकलो होतो. पण सिनेमाच तो, म्हणून सोडून दिलं.

नोकरीसाठी म्युनिकला आलो आणि गेओर्ग एल्झर हे नाव कळलं. सुतार माणूस. कुठल्या पक्षाचा आदेश नाही, मागे कुणी नाही. ८ नोव्हेंबरला हिटलर दरवर्षी इथल्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये भाषण द्यायचा. १९३९ साली एल्झर संध्याकाळी तिथे जेवायचा, लपून बसायचा आणि हॉल बंद झाला की हिटलरसाठी बॉम्ब दडवायला व्यासपीठामागचा खांब पोखरायचा. असं कितीतरी रात्री. खांबाच्या लाकडी आच्छादनाला त्याने चोरदार केलं, सांधासुद्धा दिसू नये इतकं सफाईदार. गुडघ्यांवर बसून बसून गुडघे पिकले.

त्या रात्री धुक्यामुळे विमानाचा भरवसा नव्हता. बर्लिनची रेल्वे गाठायची म्हणून हिटलरने भाषण आवरतं घेतलं आणि ९ वाजून ७ मिनिटांनी तो बाहेर पडला. ९ वाजून २० मिनिटांनी बॉम्ब फुटला. आठ माणसं गेली, त्यात तिथे वाढणारी एक बाईही होती. एल्झरला ९ एप्रिल १९४५ला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली, हिटलरच्या मृत्यूच्या फक्त तीन आठवडे आधी. आता त्याच्या आठवणीसाठी इथल्या एका शाळेच्या भिंतीवर रोज रात्री बरोबर ९:२०ला लाल निऑनची अक्षरं पेटतात आणि मिनिटभराने विझतात.

हे सगळं कळल्यावर सिनेमा पुन्हा लावला. थिएटरची दारं बाहेरून बंद होतात, तिथे घशात आवंढा आला. एल्झरला जे साधलं नाही, तेच टॅरंटिनो पडद्यावर घडवतो: बंद हॉल, आत हिटलर, आणि या वेळी तो लवकर उठत नाही. आणखी एक गोष्ट आत्ता दिसली. पडद्यावर माणसं मरताना बघून हिटलर खदखदून हसतो. थोड्याच वेळाने तो मरतो आणि आपण शिट्ट्या मारतो. दिग्दर्शकाने आपल्यालाही त्याच खुर्चीत बसवलंय.

मग साहजिकच डोक्यात आपला मराठवाडा आला, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला. ४ डिसेंबर १९४७ला हैदराबादेत नारायणराव पवारांनी निजामाच्या गाडीवर बॉम्ब टाकला, निजाम बचावला. त्यानंतरही १७ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्याच्या कारवाईने, म्हणजे पोलीस ॲक्शनने, संस्थान भारतात येईपर्यंत निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा धुमाकूळ चालूच होता. कुणाची शेतं सुटली, कुणाची गावं. तो बॉम्ब लागला असता तर? असा सिनेमा मराठीत कुणीतरी काढावा, असं फार मनापासून वाटतं.

अण्णांना फोनवर हे सांगितलं. आजोबांकडून ऐकलेलं त्यांना सगळं पाठ. ते म्हणाले, "निजाम मेला असता तर रझाकारांचा पुढारी कासीम रझवी गप बसला असता का रे? आपल्या लातूरचाच वकील तो. उलट आणखी पिसाळला असता. अन् पोलीस ॲक्शननंतर गरीब मुसलमानांवर जे गुदरलं, तेही दाखव म्हणावं तुझ्या सिनेमात."